दुपारी नाही, सकाळी दोनदा

मढच्या किनाऱ्याला शूटिंगसाठी भाड्याने जाणारे जे बंगले आहेत, त्यांतल्या एकाचा कारभार सहदेव परब बघतो. कारभार म्हणजे सगळंच आलं. फाटक उघडायचं, पाण्याचा टँकर मागवायचा, कुठल्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही ते आर्टवाल्यांना बजावायचं, आणि मुख्य म्हणजे तारखा द्यायच्या. बंगला एक आणि मागणारे ढीगभर. आज कुणाचं लग्न, उद्या कुणाचा खून, परवा पहिल्याच बाईचं दुसरं लग्न. दिवाणखान्यात इतक्या जणांना मरताना सहदेवने पाहिलंय, की खरोखर कुणी गेल्याचं कळलं तरी त्याची नजर आधी कॅमेरा शोधते.

माणूस कोकणातला, पण वाढला मुंबईत. संपानंतर वडलांची, काशीरामांची, गिरणी सुटली, तेव्हा त्यांनी पोराला जोगेश्वरीच्या एका वाण्याकडे चिकटवलं. वाण्याने त्याला तराजू नंतर शिकवला, आधी बोलणं शिकवलं. धंद्याच्या जागेला 'बंद' म्हणायचं नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दुकान वाढवायचं, आणि दिवसा काही झालं तरी वाढवायचं नाही. जेवायला मागे गेलास तरी एक फळी उघडी ठेव, सगळ्या फळ्या लावलेल्या बघितल्या की लक्ष्मी दारातून परत जाते. वाणी केव्हाच गेला, दुकानाच्या जागी टॉवर उभा राहिला, सहदेव मात्र अजून बंगल्याचं फाटक संध्याकाळी 'वाढवतो'. स्पॉटबॉय हसतात. हसू देत बापडे.

बंगला शिवदासभाऊंचा. ते होते तोवर तारखांचं काम सरळ होतं. स्वयंपाकघरात कॅलेंडर, त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. फोन आला, तारीख ठरली, चौकोनात नाव लिहिलं. लिहिलं की दिसलं. मग शिवदासभाऊ गेले आणि बंगला त्यांच्या मुलाकडे, चैतन्यकडे आला. हा चैतन्य लहान असताना सहदेवनेच त्याला समोरच्या समुद्रात पोहायला शिकवलेलं, पोटाखाली हात धरून. आता तो अंधेरीला ऑफिसात बसून फोनवर बंगला चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात, पण म्हणणार कोण? मालक आहे तो.

त्याने मुलुंडच्या एका मुलीकडून तारखांचं अ‍ॅप करून घेतलं आणि सहदेवच्या फोनमध्ये घातलं.

"काका, एकदम सोपं आहे. उघडलं की तारखांची यादी येते. या अधिकच्या खुणेवर दाबायचं, दुसरी स्क्रीन उघडते, तिथे नाव आणि तारीख भरायची, जतन करायचं. ती स्क्रीन मिटते, तुम्ही परत यादीवर. एका दिवशी दोन नोंदी झाल्या तरी चालतात, कधी कुणाला नुसतं अंगण लागतं. कॅलेंडर आता नको. अ‍ॅपमध्ये असेल तेच खरं."

जाताना त्याने कॅलेंडर गुंडाळून नेलं. भिंतीत खिळा तेवढा राहिला.

सहदेवने अ‍ॅप मनापासून स्वीकारलं. धंद्याची जागा बदलली, एवढंच. सकाळी अंघोळ करून देवाला हळदकुंकू वाहिलं की अ‍ॅप उघडायचं. मग ते दिवसभर उघडंच, फोन दोरीने गळ्यात. संध्याकाळी दिवा लावला की अंगठ्याने वर सरकवून अ‍ॅप वाढवायचं. वाण्याला हे बघून समाधान वाटलं असतं.

घोळ पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. एका मालिकेच्या प्रॉडक्शनवाल्याने हळदीच्या सीनसाठी पुढचा गुरुवार मागितला. दुपारची वेळ. सहदेवने चष्मा चढवला, एका बोटाने टिपत टिपत नाव घातलं, तारीख घातली, जतन केलं. स्क्रीन मिटली, यादी आली. यादीत गुरुवार मोकळा! त्याने डोळे चोळले, चष्मा लुंगीला पुसला, पुन्हा पाहिलं. मोकळाच. आपलंच बोट कुठे तरी चुकलं असणार म्हणून त्याने सगळं पुन्हा भरलं. स्क्रीन मिटली, गुरुवार मोकळा. मग मात्र त्याने नाद सोडला. समुद्राजवळ नेटवर्कची बोंब, उद्या बघू, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी हळदकुंकू वाहून अ‍ॅप उघडलं, तर हळदवाले हजर. एकदा नाही, दोनदा.

त्याची बायको राधा बोरीवलीला देवीपाड्यातल्या खोलीत राहते, तिथे बालवाडी चालवते. सहदेवने तिला फोन लावला. घरच्या माणसाशी बोलताना तो मालवणीवर येतो.

"अगो, दुपारी नाय व्हता आनि सकाळी दोनदा कसा?"

"तुमीच दोनदा घातला आसतलात."

"घातलंय गो, पन तेवा दिसला खय?"

राधाकडे बालवाडीची पोरं रडत होती. ती म्हणाली, एक काढून टाका आणि कामाला लागा. हे पटण्यासारखं होतं. सहदेवने हळदवाल्यांच्या एका नोंदीवर बोट ठेवलं, तिची वेगळी स्क्रीन उघडली, खाली 'काढून टाका' होतं ते दाबलं. स्क्रीन मिटली. यादीत हळदवाले अजून दोनदा. म्हणजे निघालीच नाही! त्याने या वेळी खालच्या नोंदीवर बोट ठेवलं, 'काढून टाका' दाबलं. दोघे जागच्या जागी. आता डोकं चालेना. असू दे दोनदा, एकदाही नसण्यापेक्षा बरं, असं म्हणून तो माळ्याला हाक मारायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडलं, तर गुरुवार कोराकरकरीत. हळदवाले एकदाही नाहीत.

सहदेव व्हरांड्यात बसूनच राहिला. भुताटकी म्हणावी तर रोज सकाळीच कशी? मग त्याला सुचलं, हे अ‍ॅप चैतन्यच्याही फोनवर आहे. हळदवाल्यांनी परस्पर त्यालाच नकार कळवला असेल आणि त्याने नोंद काढली असेल. त्याने विचारायला फोन केला. चैतन्य मीटिंगमध्ये होता.

"काका, किती वेळा सांगू, अ‍ॅपमध्ये बघा ना. अ‍ॅपमध्ये असेल तेच खरं."

अ‍ॅपमध्ये गुरुवार मोकळा होता. म्हणून सहदेवने तो गुरुवार एका गुन्ह्यांच्या कार्यक्रमाला दिला. त्यांना बंगल्यात प्रेत ठेवायचं होतं.

त्या गुरुवारी सकाळी फाटकाशी दोन जनरेटर समोरासमोर येऊन उभे राहिले. एकीकडून झेंडूच्या माळांचा टेम्पो, दुसरीकडून पोलिसांची खोटी जीप. दोन्ही प्रॉडक्शनवाले एकमेकांवर ओरडत होते, मग दोघे मिळून सहदेववर ओरडायला लागले. गावातली पोरंबाळं गंमत बघायला कुंपणावर चढली. एवढ्या गोंधळात शांत होते ते दोघेच: हळद लावलेली नवरी आणि पांढऱ्या चादरीतलं प्रेत. एकाच बाकावर बसून चहा पीत होते, त्यांचं छान जमलं होतं. शेवटी चैतन्य अंधेरीहून आला, हात जोडून हळदवाल्यांना वरचा मजला आणि प्रेताला अंगण असा तोडगा काढला, आणि मग सहदेवला बाजूला घेतलं.

"काका, खरं सांगा. तुम्ही बाहेरच्या बाहेर तारखा देताय का?"

सहदेवला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कानामागे शिलगल्यासारखं झालं. ज्या पोराच्या पोटाखाली हात धरला, तो आज हे विचारतोय!

"तोंड सांभाळून बोल, चैतन्य. हळदवाले अ‍ॅपमधून आपोआप गेले. मी एकच नोंद काढायला गेलेलो, जास्तीची. ती पण निघाली नव्हती."

चैतन्यने फोन काढला, कुठेतरी आत जाऊन बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "दोन्ही निघाल्यात काका. दोन्ही तुमच्याच फोनवरून, एका पाठोपाठ एक. हे बघा."

सहदेवने बघितलं. तिथे खरंच तसं होतं. पण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी दोन्ही नोंदी जागेवर पाहिल्या होत्या, काढल्यानंतरही. डोळे खरे की फोन? फोनवर तर तारीख-वार होता. डोळ्यांकडे काय होतं?

"मग मीच विसरलो असेन," तो म्हणाला.

इथे चैतन्य चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसा सावकाश, मोठ्याने बोलायला लागला. "होतं काका, वयाने होतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका. एक तारखेपासून मी एजन्सीचा माणूस ठेवतो. तुम्ही नुसती देखरेख करा. जमेल तितके दिवस." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने आपली मान आपणच फासात घातली होती.

त्याला कारण होतं. काशीराम शेवटची वर्षं देवीपाड्याच्या खोलीत होते. जेवून हात धुतला की भिंतीला टेकून बसायचे आणि थोड्या वेळाने राधाला विचारायचे, "गो, मी जेवलंय काय?" ती हो म्हणाली की त्यांना खोटं वाटायचं. दोनदा जेवायचे, पोट बिघडायचं, पुन्हा विचारायचे. सहदेव तेव्हा चिडायचा. आता त्याला दिसलं, की आपणही एकच नोंद दोनदा घातली आणि काढलेली आठवत नाही. सुरुवात अशीच होत असणार. त्याला भीती वाटली. नोकरी जाईल याची नाही. त्या भिंतीला टेकून बसायची.

त्या दिवसापासून त्याने एक युक्ती काढली. दुपारी जेवण झालं की ताट घासायचं नाही. उष्टं ताट तसंच मोरीत ठेवायचं, माशाच्या काट्यांसकट. मध्येच शंका आली की जाऊन बघायचं. ताट उष्टं आहे म्हणजे जेवलोय. संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळीच ते घासायचं. राधाला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

महिनाअखेरीला मुलुंडची ती मुलगी आली. तेजल तिचं नाव. वर्सोव्याहून बोटीने आली, पाठीला लॅपटॉप, सॅंडल ओले. अ‍ॅप तिनेच बनवलेलं, नोकरीतलं तिचं पहिलंच. चैतन्यने तिला पाठवलं होतं ते सहदेवच्या फोनमधल्या सोयी काढून घ्यायला: काकांना यादी नुसती दिसू दे, काही घालता-काढता येऊ नये.

सहदेवने तिला आत बसवलं, कोकम सरबत दिलं. पोरगी बोलकी. पाण्याला म्हणून मोरीशी गेली आणि तिथून ओरडली, "काका, ताट तसंच राहिलंय, घासून टाकू?"

"हात लावू नकोस!" सहदेव इतक्या जोरात बोलला की ती दचकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "राहू दे गं. ते तसंच असतं."

ती येऊन समोर बसली. त्याने गळ्यातला फोन काढून तिच्यापुढे ठेवला. "घे. काढून टाक काय ते. माझं डोकं आता चालत नाही."

तेजलने फोन हातात घेतला नाही. "काढीन मी काका. पण एक विचारू? चैतन्यसर म्हणतात तुम्ही दोनदा नोंद घातली. का घातलीत दोनदा? माझ्या फोनवर मी पन्नास वेळा करून बघितलंय, एकदाही असं होत नाही. जरा माझ्यासमोर करा ना. खोटंच एक नाव घाला."

सहदेवने चष्मा चढवला. एका बोटाने टिपत 'बाळू' असं नाव घातलं, रविवारची तारीख घातली, जतन केलं. स्क्रीन मिटली. यादीत रविवार मोकळा.

"हे बघ," तो ओशाळून म्हणाला, "घातलं की नाही मी? तू बघितलंस ना?"

"बघितलं," तेजल म्हणाली. तिच्या कपाळावर आठी आली. "घातलंत तुम्ही. थांबा, अ‍ॅप बंद करून परत उघडा बघू."

सहदेवने फोन छातीशी धरला. "आत्ता? दिवसाढवळ्या?"

"मग काय झालं?"

"धंद्याची वेळ आहे. मी संध्याकाळी दिवा लावल्यावर वाढवतो."

तेजल त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे सकाळी उघडलंत की संध्याकाळपर्यंत एकदाही बंद नाही करत?"

"दुकान आहे ते. वाढवून कसं चालेल?"

ती उठली, दोन्ही हात डोक्याला लावले, खोलीत एक फेरी मारली. "वाट लागली! काका, माझा फोन इतका जुना आहे ना, हँग होतो, म्हणून प्रत्येक काम झालं की मी अ‍ॅप उडवून टाकते. परत उघडलं की यादी ताजी येते, म्हणून मला सगळं बरोबर दिसायचं. एवढं मला कळलंच नाही, यार!"

"काय कळलं नाही? नीट सांग. मला आधीच काही समजेनासं झालंय."

ती त्याच्यासमोर खाली बसली. "यादी भरली जाते ती फक्त अ‍ॅप उघडताना, एकदाच. तुम्ही नाव घालायला दुसऱ्या स्क्रीनवर जाता, तेव्हा यादी मागे तशीच उभी असते, सकाळची. तुम्ही घातलेलं तिकडे अंधेरीच्या कॉम्प्युटरवर बरोबर पोचतं. पण दुसरी स्क्रीन मिटल्यावर यादीला कुणीतरी सांगायला हवं, की बाई, बदल झालाय, परत भरून घे. ते सांगणं माझं काम होतं. मी लिहिलंच नाही."

सहदेवने बराच वेळ विचार केला. "म्हणजे आत माणसं जेवून गेली, आणि ओसरीवरच्याला कुणी सांगितलंच नाही. तो आपला म्हणतोय, अजून पंगत बसायचीये."

"अगदी तस्संच."

"आणि मी दुसऱ्यांदा काढून टाकलं, तेव्हा?"

"पहिली तेव्हाच निघालेली. तुम्हाला दिसत होती ती जुनी. म्हणून तुम्ही दुसरी पण काढलीत. कुणीही काढली असती काका. मीसुद्धा."

बाहेर कुठेतरी कोळणी वाळत घातलेले बोंबील उलटत बोलत होत्या, त्यांचा आवाज येत होता. आपल्याला काय वाटतंय ते सहदेवला धड कळत नव्हतं. राग आला होता का? थोडा. पण त्याच्या खालून काहीतरी मोकळं होत वर येत होतं, आणि त्याला ते एकदम वर यायला नको होतं, परक्या पोरीसमोर.

"परत एकदा सांग," तो म्हणाला.

"काय? यादी ना, ती—"

"यादी नाही गं. ते शेवटचं."

तेजलला आधी समजलं नाही. मग तिची नजर मोरीकडे गेली, उष्ट्या ताटाकडे, आणि परत त्याच्याकडे आली. किती समजलं कोण जाणे, पण ती सावकाश म्हणाली, "चूक माझी होती. तुमचं डोकं ठीक आहे, काका."

मग तिने लॅपटॉप उघडला, वायरने त्याचा फोन जोडला आणि काहीबाही लिहीत बसली. काम झालं तसा तिने आधी चैतन्यला फोन लावला. जे सहदेवला सांगितलं तेच त्याला सांगितलं, आढेवेढे न घेता. मग तिने आपला फोन सहदेवकडे दिला.

"का... का," चैतन्य सावकाश, मोठ्याने म्हणाला, "तुम्ही... ऐक... ताय ना?"

"हळू बोल," सहदेव म्हणाला. "ऐकू येतं मला. सगळं येतं."

चैतन्य नेहमीच्या आवाजावर आला. "सॉरी काका. मी तुम्हाला नको ते विचारलं."

"विचारलंस खरं. आणि तो एक तारखेचा माणूस?"

"नाही सांगतो त्याला."

"सांग. आणि माझं कॅलेंडर पाठव. अ‍ॅप ठेवतो मी, पण खिळा रिकामा बरा दिसत नाही."

तेजलने वायर काढून त्याचा फोन त्याला परत दिला. त्याने आधी खोट्या बाळूला काढून टाकलं. स्क्रीन मिटली, यादी आली, आणि बाळू खरंच गेलेला होता. दुपारी. दिवसाढवळ्या. सहदेवने पुन्हा एकदा बघितलं, चष्मा काढून बघितलं, गेलेलाच होता. त्याने राधाला फोन लावला.

"अगो, माझा डोक्या बरोबर आसा."

"काय झाला तुमका?" राधा घाबरली. "बरा वाटता ना? जेवलात काय?"

"जेवलंय," सहदेव म्हणाला. आणि फोन कानाशी तसाच धरून तो मोरीशी गेला, खाली बसला, आणि नळ सोडून ताट घासायला लागला.